वारणाकाठचं चांदोली
आज दिवसभर चांदोली राष्ट्रीय उद्यानात. वारणेचं पाणी इथल्या सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळ-पठारांवरून, दाट रानातून झिरपत वसंतसागर जलाशयात येतं. सड्यावर जांभ्यावरची माती जेमतेम बोटभर. तेवढ्यातच दवबिंदू, सीतेची आसवं अशा कीटकभक्षी वनस्पती तगतात. गाडीचं चाक फिरलं की माती दबते, झाडोरा मरतो, मग पावसात ती वाहून जाते आणि नुसता कातळ उरतो. म्हणून कृपया, रस्ता सोडू नका. पुनर्वसनात उठलेल्या गावांची शेतं आता गव्यांची कुरणं झालीत. तीही राखावी लागतात, नाहीतर झुडपं माजून गवत संपतं. घरांची जोती दिसली तर दगड हलवू नका. लोकांचं गाव होतं ते. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात चांदोलीही आहे. पावसाळ्यात पर्यटन बंद असतं. एरवी वनखात्याची परवानगी काढून पहाटेच निघा.