आर्टेमिझियाच्या टॅपेस्ट्री: विधवा राणीचा कारभार मागावर

फ्रान्सच्या गादीवर बाईला हक्क नव्हता. 1559 मध्ये राजा दुसरा हेन्री भाल्यांच्या खेळात जखमी होऊन गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची विधवा कॅथरीन द मेदिची 10 वर्षांच्या मुलाच्या, नवव्या चार्ल्सच्या, नावाने कारभार पाहू लागली. तो तिने का पाहावा, हे दरबाराला पटवायचं होतं. 1562 मध्ये पॅरिसचा औषधविक्रेता निकोला हुएल याने तिच्यासाठी हॅलिकार्नासस या प्राचीन ग्रीक नगराच्या आर्टेमिझिया राणीची कथा रचली. सोबतची चित्रं, बहुतेक आंत्वान कारोंची, टॅपेस्ट्रीचे, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांचे, नमुने म्हणूनच काढलेली होती.

हुएलने दोन आर्टेमिझिया बेमालूम एक केल्या. इ.स.पू. 480 मध्ये सालामिसच्या समुद्री लढाईत लढलेली एक, नवऱ्यासाठी मॉसोलियम ही भव्य कबर उभारणारी दुसरी. दोघींत शतकाहून जास्त अंतर. वर बालराजाच्या शिक्षणाचे प्रसंग घातले. शोक, युद्ध आणि मुलाची घडण एकाच बाईच्या हाती आली. मला हे राजकीय लेखनाचं अव्वल काम वाटतं.

आडव्या मागावर नमुना ताण्याखाली, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या धाग्यांखाली, असतो आणि विणकर उलट्या बाजूने विणतो, म्हणून सुलट बाजूला चित्र आरशासारखं फिरतं. राजाच्या उजव्या हातात तलवार हवी तर नमुन्यात ती डाव्या हातात काढावी लागते. हे विसरलं की राजा डावखुरा होतो, अक्षरं उलटतात. शिवाय चित्र एका कुशीवर आडवं ठेवून विणतात. दोन रंग ताण्याच्या एकाच धाग्यापाशी परततात तिथे फट राहते. टांगल्यावर ती आडवी येते आणि वजनाने उघडते. म्हणून फटी शिवून घ्यायच्या. लोहयुक्त रंगाची गडद तपकिरी लोकर सगळ्यात आधी कुजते, त्यामुळे आकृत्यांच्या कडाच प्रथम जातात.

कॅथरीन 1589 मध्ये वारली. या नमुन्यांवरचं विणकाम पुढे राजा चौथ्या हेन्रीच्या काळात, पॅरिसमध्ये वसवलेल्या फ्लेमिश विणकरांच्या कारखान्यांत झालं. 1610 मध्ये त्याचा खून झाला. मुलगा तेरावा लुई 8 वर्षांचा, कारभार विधवा राणी मारी द मेदिचीकडे. जुनी कथा तिला जशीच्या तशी लागू पडली.

असा संच पाहताना मधल्या चित्राआधी काठ बघावा. नमुना तोच ठेवून काठातली राजचिन्हं आणि आद्याक्षरं बदलता येत, त्यामुळे मालक कोण हे तिथेच कळतं. मात्र काठ मूळचाच आहे ना, की नंतर जोडलाय, हे शिवणीवरून आधी तपासायचं.