ऑस्टिनमधली ब्रिस्केटची रांग

टेक्सासच्या ऑस्टिन शहरातील फ्रँकलिन बार्बेक्यू हे 2009 साली एका ट्रेलरमधून सुरू झालेले उपाहारगृह सकाळी 11 वाजता उघडते; गिऱ्हाईक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घडीच्या खुर्च्या टाकून रांगेत बसलेले असते. कर्मचारी रांगेतून फिरत कोणाला किती मांस हवे याचा अंदाज घेतात आणि शेवटी उभ्या असलेल्यांना माल संपण्याची शक्यता आधीच सांगतात, हा रोखठोकपणा मला पदार्थांइतकाच भावला. मीठ-मिरपूड लावून ओकच्या धुरावर तासन्‌तास शिजवलेल्या ब्रिस्केटचे, म्हणजे गोवंशाच्या छातीकडच्या मांसाचे, बाहेरचे कवच काळेकुट्ट असते, आतले मांस मात्र बोटाने दाबताच सुटते. गोमांस न खाणाऱ्यांसाठी टर्की आहे, आणि तीही कोरडी नसते. एवढ्यावर सॉस ओतणाऱ्यांचे मला नवलच वाटते.