बोटीचं माप आतून

बामणोलीच्या काठावर सकाळी साडेआठला पोचलो, तेव्हा दोन्ही बोटी ट्रेलरवरच होत्या आणि बोटी विकणाऱ्या कंपनीचा माणूस धाकट्या बोटीच्या ट्यूबवर पाय दाबून बघत होता. ट्यूब त्याच्या बुटाखाली मळलेल्या कणकेसारखी दबत होती.

"काल मुंबईत टणक होती हो," तो म्हणाला.

"कासवर हवा सोडलीत ना?"

तो चमकलाच. मला काही अंतर्ज्ञान नाही, दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तेच केलं होतं. समुद्राकाठी साडेतीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालात की कासच्या पठारावर, म्हणजे साधारण 1200 मीटरवर, बाहेरची हवा विरळ झालेली असते. ट्यूब टम्म होते, दाब दोनेक पीएसआयनं वाढतो. माणूस घाबरतो, शिवण उसवेल म्हणून व्हॉल्व्ह दाबतो. मग घाट उतरून पाण्याशी यावं तर ट्यूब ढिली. त्यात जुलैचं गार पाणी लागलं की आणखी आखडते. पायपंप काढला आणि आमची सकाळ अशी पंप मारण्यात गेली.

माझं साताऱ्यात गोडोलीला छोटं वर्कशॉप आहे. सुरुवात शेतीपंपांपासून झाली, आता बोटीची इंजिनं जास्त येतात. त्या ओळखीवरच मला बोलावलं होतं. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, पलीकडच्या काठाच्या चार-पाच गावांना पावसाळ्यात पेशंट आणायला बोट घ्यायची होती. रस्ता आहे, पण लांबून वळसा घालून, आणि दरड आली की तोही नाही. लाँच आहेत, पण त्या संथ, आणि वारा सुटला की चालवणारा हात जोडतो. त्याचं चूकही नाही. पैसे गावाच्या मुंबईकर मंडळानं जमवले होते. या खोऱ्यातली निम्मी घरं मुंबई-नवी मुंबईत माथाडी कामावर उभी राहिलेली, त्यामुळे वर्गणीला कुणी मागे राहत नाही. आणि मतं मांडायलाही.

मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, खास रात्रीच्या गाडीनं आले होते. त्यांना मोठी बोट हवी होती. "घ्यायची तर एकदाच, मिस्त्री. गेटवेला बघतो ना आपण, कशी पाणी कापत जाते." गावातल्या मंडळींना धाकटी पुरे वाटत होती. किंमत निम्मी, पेट्रोल निम्मं. मधे मी. प्रश्न एकच: किती फुटी घ्यायची?

बोटी दोन्ही एकाच जातीच्या. खाली कडक तळ, कडेनं हवेच्या ट्यूब. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही रिब म्हणतो. हा प्रकार 1960 च्या दशकात वेल्समधल्या एका निवासी कॉलेजात जन्मला. पोरं रबरी बोटी किनाऱ्यावर ओढायची, खडीनं तळाचं कापड फाटायचं, म्हणून खाली प्लायवूड ठोकून बघितलं. तळ टिकलाच, वर लाटेतही बोट आधीपेक्षा सरळ चालायला लागली. एवढी साधी गोष्ट. आमच्या काठावरची खडी बघितली की मला ते प्लायवूड आठवतं.

धाकटी 4.2 मीटरची, म्हणजे चौदा फूट, मागं 40 एचपीचं इंजिन. थोरली 6.5 मीटर, एकवीस फूट, 115 एचपी, चार खोगीरासारख्या सीटा आणि मधे गाडीच्या डॅशबोर्डसारखा कन्सोल. थोरलीच्या भोवती पोरांची गर्दी झाली. साहजिक होतं.

आधी धाकटी उतरवली. मी इंजिनवर, कंपनीचा माणूस, पलीकडच्या गावचे आबा, आणि पेशंट-नातेवाइकांच्या वजनाऐवजी तांदळाची पन्नास किलोची चार पोती. बोटीवरच्या पाटीवर सहा माणसं लिहिलं होतं. त्या पाटीतला एक माणूस पंच्याहत्तर किलोचा धरतात आणि तो गप्प एका जागी बसलेला असतो. आपल्याकडं पेशंटबरोबर निम्मी भावकी चढते. ऑगस्ट 2019 ला सांगलीच्या पुरात मी इंजिनं दुरुस्त करायला गेलो होतो. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. तेव्हापासून मी पाटीवरच्या आकड्यातून आधी दोन वजा करतो आणि मग बोलतो.

खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात धाकटी छान पळाली. रेस दिली की नाक उचललं, मग सगळी बोट पाण्यावर आली. मात्र 660 मीटर उंचीवर इंजिन समुद्रकाठाइतकं जोर लावत नाही, सहा-सात टक्के तरी कमी पडतात, आणि ओझ्याखाली ते लगेच कळतं. तरी पळाली. काठावरून कुणीतरी शिट्टी मारली.

डोंगराची सोंड ओलांडली आणि वारा लागला.

शिवसागराचं पाणी ज्यानं फक्त हिवाळ्यात वासोट्याला जाताना बघितलंय, त्याला हे पाणी ओळखू येणार नाही. घाटमाथ्यावरनं वारा उतरतो तो एका दिशेनं येत नाही, खोऱ्यात आपटून वळतो. लाटा उंचीला फार नव्हत्या, मांडीपर्यंत, एखादी कमरेला. पण आखूड. एका शेंड्यापासून दुसऱ्यापर्यंत वीस-बावीस फूट. समुद्रात लांब लाटेवर बोट चढते, उतरते, श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथं चौदा फुटी बोट एका लाटेवरून उतरते आणि पूर्ण त्या खड्ड्यात मावते. पुढची लाट नाकासमोर उभी. दोन वेळा तळ असा आपटला की आबांची टोपी उडाली. वेग कमी केला तर बोट पाण्यात बसली, मागं इंजिन आणि आम्ही, नाक आभाळात, आणि वारा त्या नाकाखाली शिरायला लागला.

मी वळायचं ठरवलं. वळतानाच एक लाट कुशीवर आली आणि वरचं एक पोतं सरकून खालच्या बाजूला गेलं. बोट कलली. आमच्या बाजूची ट्यूब अर्धी पाण्यात गेली आणि तिथंच थांबली. रिबची ट्यूब असते ती यासाठी. सरळ चालताना ती पाण्याला जेमतेम टेकते, कलली की खांदा देते. सकाळी पंप मारला नसता तर तो खांदा किती टणक राहिला असता, हा विचार मला तेव्हा नाही, रात्री घरी जेवताना आला.

परतीची वाट जास्त वाईट. लाटा आता मागून येत होत्या. त्यांच्यापेक्षा हळू गेलो तर लाट मागच्या इंजिनाच्या फळीवरून आत, जोरात गेलो तर नाक पुढच्या लाटेत. एका लाटेच्या पाठीवर बसून, तिला न ओलांडता, तिच्याच चालीनं यायचं. तरी एक आत आलीच. घोट्यापर्यंत पाणी. पाणी जायच्या रबरी नळ्या मागं असतात, त्या मी निघताना सोडायला विसरलो होतो. दोरीनं वर बांधलेल्या तशाच. ही चूक माझी, कंपनीच्या माणसानं बघितली आणि सभ्यपणे काही बोलला नाही. आबांनी टोपीनं पाणी उपसलं. तोपर्यंत ती सापडली होती, बोटीतच तरंगत होती.

मग थोरली.

तिच्याबद्दल खोटं बोलणार नाही. त्याच सोंडेपुढं, त्याच लाटांवर ती ताशी तीसनं गेली. खोल व्ही आकाराचा तळ लाट चिरत होता, एकवीस फूट लांबीमुळं ती एका शेंड्यावरून दुसऱ्यावर जवळजवळ पूल टाकल्यासारखी जात होती. अण्णा खोगीरावर बसून हसत होते. आबा पण. मी मनात हिशोब करत होतो: पूर्ण रेसला ताशी पस्तीस-चाळीस लिटर, आणि पेट्रोल घाट उतरून कॅनमधून आणायचं. पण पेशंट पोटात कळा घेऊन आडवा असेल तेव्हा लिटर कुणी मोजत नाही, हेही खरं.

घोटाळा पलीकडच्या काठाला झाला. तिथं धक्का नाही. जुलैत पाणी चढत असतं, काठ रोज सरकतो, आणि मधे नुसता चिखलाचा उतार. थोरलीचं इंजिन काठापासून पंचवीस-तीस फुटांवरच वर उचलावं लागलं. तिथून पेशंट आणायचा म्हणजे मांडीभर चिखलातून. वारा मागून ढकलत होता, बोट आडवी फिरली आणि चिखलावर बसली. इंजिनासकट नऊशे किलोच्या आसपासचं धूड. आम्ही सहा जण खांदा लावतोय, ती हलत नाही. मागं ओढायला मी इंजिन थोडं खाली घेऊन रिव्हर्स टाकला, तर खट्ट झालं. पंख्याचं एक पातं दुमडलं.

"दगड," कंपनीचा माणूस म्हणाला.

आबा कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी पायानंच चाचपून बघितलं. "दगड न्हाय. बांध हाय. आमच्याच खाचराचा."

धरण 1964 ला पुरं झालं. आबा तेव्हा लहान, पण बांधावरनं चालत शाळेला गेलेले. आबा म्हणाले, "हितनं पुढं तीन बांध, मंग वढा." सगळे जरा गप्प झालो. मग अण्णांनी पँट वर खोचली, ते स्वतः पाण्यात उतरले, गावातून आणखी आठ जण आले आणि तासाभरानं बोट निघाली. वाकड्या पात्यानं थरथरत, हळूहळू परत आलो.

तोवर काठावर उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या, खांद्यावर घडीचं स्ट्रेचर. त्यांनी लाटांचं विचारलं नाही, इंजिनाचं विचारलं नाही.

"माणूस आडवा कुठं ठेवायचा?"

कंपनीच्या माणसानं थोरली दाखवली. एकवीस फूट आहे ताई, भरपूर जागा. सिस्टरनी स्ट्रेचर उघडलं. चार सीटा आणि कन्सोल यांच्यामधे ते सरळ बसेना. तिरकं केलं तर पाय ट्यूबवर. धाकटीत तर प्रश्नच नव्हता. बाहेरून चौदा फूट, पण दोन्ही बाजूंच्या ट्यूब, पुढचं नाक, मागची इंजिनाची फळी वजा करा, आत साडेनऊ फूट लांब आणि तीन फुटांच्या जरा वर रुंद, त्यात पेट्रोलची टाकी. स्ट्रेचर ठेवलं की चालवणाऱ्यानं बसायचं कुठं आणि सिस्टरनी सलाईन धरून टेकायचं कुठं? खात्री करायला सिस्टर स्वतः चपला काढून धाकटीत आडव्या झाल्या. डोकं टाकीला, पाय नाकात. वरून पाऊस. "हे बघा," त्या तशाच पडून म्हणाल्या, "मी पाच फूट एक इंच आहे."

इतकी वर्षं मी बोटी बाहेरून मोजतोय. कॅटलॉगात पण बाहेरचंच माप असतं. खिशातली टेप काढली आणि पहिल्यांदा दोन्ही बोटी आतून मोजल्या. स्ट्रेचर सव्वासहा फूट. डोक्याशी सिस्टरना टेकायला दोन फूट. नातेवाईक एक, फार तर दोन. चालवणारा एकदम मागं, छोट्या कन्सोलशी. कंपनीच्या माणसाच्या वहीत खडूसारख्या बोथट पेन्सिलीनं आकडे मांडत गेलो तर आतली मोकळी लांबी बारा-साडेबारा फूट निघाली. म्हणजे बाहेरून साडेसतरा-अठरा. 5.4 मीटर. सीटा काढून, जमीन सपाट.

लाटेच्या हिशोबानंही ते बसत होतं. अठरा फूट त्या वीस-बावीस फुटी खड्ड्यात पूर्ण उतरत नाही. थोरलीसारखा पूल नाही टाकणार, आपटेल, पण नाक लाटेत घुसणार नाही. तळ मी फायबरऐवजी ॲल्युमिनियमचा सांगितला. हलका, आणि बांधाला लागला तर पोचा येईल, फुटणार नाही. ट्यूबचं कापड पीव्हीसी नको, हायपॅलॉन, म्हणजे उन्हाला जास्त टिकणारं रबरी कापड, कारण बोट वर्षभर उन्हात उघडीच राहणार, हे मला माहीत आहे, शेड बांधायचं कितीही ठरलं तरी. इंजिन 60 एचपी, आणि दोन जादा पंखे बोटीतच.

अण्णा खट्टू झाले. "लोकांना मोठी सांगितली होती मी." मग सिस्टरकडं बघितलं, त्या अजून केस पिळत होत्या. "ठीक आहे. लांबी कमी झाली, पण झोपता येतंय, असं सांगतो."

"आणि काठाला?" सिस्टर म्हणाल्या. "ती पण रुतणारच ना?"

रुतणार. इंजिनासकट चारेकशे किलोपर्यंत बसवली तरी आठ जणांना ओढता येईल एवढंच मी सांगू शकत होतो. कुठं लावायची ते मला ठरवता येत नव्हतं. कंपनीच्या माणसानं डेप्थ मीटर बसवून देतो म्हटलं. आबांनी त्याच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं, उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आडव्या रेघा मारायला लागले. एक बांध, दुसरा बांध, ओढा, देवळाचा चौथरा. चौथऱ्याजवळ त्यांनी गोल केला. पाणी चढं असो नाहीतर उतरतं, इथं बोट टेकवायला कठीण जमीन मिळते, माणूस चिखलात जात नाही.

कंपनीच्या माणसानं मोबाइलवर फोटो काढला. "आबा, हा कागद मी ठेवू का?"

"फोटू काढलास न्हवं," आबा म्हणाले आणि कागद घडी करून टोपीत ठेवला.