रात्री दहानंतर ऐकायचे सूर

जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, आणि रविवारी व सणाच्या सुट्टीला तर दिवसभर. कोलोनच्या भाड्याच्या घरात गाणं लावलं तर ते त्या खोलीतच राहिलं पाहिजे. ‘केवढी शिस्त!’ असं सोलापुरात बसून वाटेल. पण नियम आपल्याकडेही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची वेळ हीच, दहा ते सहा, आणि निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. आपण तो पाळत नाही, हे खरं. तरीही रविवारी दुपारी भिंतीत एक खिळा ठोकायची चोरी असावी, हे मला पटत नाही. रात्रीचं समजतं. दिवसाढवळ्या अख्खं शहर मुकं करून ठेवणं हा अतिरेक आहे, आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला तो सगळ्यात जास्त जाचतो.

अशा शांततेत ॲम्बियंट संगीताची ओढ का लागते ते नीट कळतं. ताल नाही, शब्द नाहीत; लांबवर ओढलेली व्हायोलिन आणि चेलो (खर्जात वाजणारं मोठं व्हायोलिन), आणि त्यांच्यामागे नुसता ‘आ’ किंवा ‘ऊ’ धरलेला कोरस. १९७८ मध्ये ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी या प्रकाराला हे नाव रूढ केलं. झोप यावी म्हणून लावायचं संगीत, असं म्हणून पुष्कळ जण ते बाजूला सारतात. माझं मत वेगळं आहे. या सुरांत माणसांची गर्दी असते, आणि मन हलतं ते त्या गर्दीमुळे.

एक व्हायोलिन ४४० हर्ट्झवर (सेकंदाला ४४० कंपनं) आणि दुसरं ४४१ वर वाजलं, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. सोळा व्हायोलिन एकच सूर धरतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे असतो, प्रत्येकाचा गज वेगळ्या क्षणी वळतो. ते सगळे हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि कुणा एकाला वेगळं काढता येत नाही. म्हणूनच संगणकात एकाच व्हायोलिनच्या सोळा हुबेहूब प्रती एकावर एक ठेवल्या तर आवाज फक्त मोठा होतो, थवा होत नाही. कोरसचंही तसंच. लांब सुरात शेजाऱ्याबरोबर श्वास घ्यायचा नाही, आवाज हळूच काढून घ्यायचा आणि हळूच परत मिसळायचा, असा गायकांचा नियम असतो. सूर कुठेच तुटत नाही. बुवा श्वास घेतात तेवढ्यात टाळकरी ओळ उचलून धरतात, हे पंढरपूरच्या वाटेवर राहणाऱ्यांना कुणी शिकवायला नको. शब्द नसल्यामुळे मन अर्थाच्या मागे धावत नाही, उरतो तो फक्त माणसाचा गळा.

सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात आणि हजारो गळ्यांतून ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ उठतं, तेव्हा तिथे कुणी सूर लावून घेतलेला नसतो. तरी अंगावर काटा येतो, त्याचं कारणही हेच. ‘तुमच्याकडे फार गोंगाट’ असं इथे जर्मनीत ऐकवलं जातं तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं. डीजेच्या भिंतींची बाजू मात्र मी घेणार नाही.

आणि तंबोरा? चार तारा, घोडीवर तारेखाली सरकवलेला एक सुती दोरा. तो जरासा हलवला की जवारी, म्हणजे तारेची झणझणती गुंज, खुलते आणि एकाच तारेतून वरचे स्वर झळाळू लागतात. कोलोनच्या कॅथेड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये संपलं. आपल्या मिरजेचे कारागीर त्या कॅथेड्रलच्या आत असते तशीच भारलेली हवा एका भोपळ्यातून उभी करतात, आणि त्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. त्या दगडी कमानींखाली कोरस थांबला तरी सूर सुमारे १३ सेकंद वर रेंगाळतो. तो अनुभव आपल्या सभागृहांत मिळत नाही.

असे लांब सूर घरी लॅपटॉपवर रचायचे असतील तर खाली चेलोवर सा-प, मध्ये व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं), वर व्हायोलिन असे तीन थर घ्या. प्रत्येक थराच्या दोन प्रती करून एक डावीकडे ५ ते ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवा, दुसरी उजवीकडे तेवढीच चढवा. दोन्ही प्रतींचं रेकॉर्डिंग वेगवेगळं असेल तर उत्तम. सूर एकदम लागू देऊ नका, पूर्ण उमलायला दोन-तीन सेकंद द्या. अचानक आलेल्या आवाजाला कान दचकतो आणि मग सैल पडत नाही. ‘ऊ’चा कोरस तारांपेक्षा ८ ते १० डेसिबल खाली ठेवा. पुढे आला की तो गाणं म्हणू लागतो. रिव्हर्ब, म्हणजे सुरामागे रेंगाळणारा घुमारा, ६ ते ८ सेकंदांचा, तो सुरू होण्याआधी ३०-४० मिलिसेकंदांची उसंत, आणि रिव्हर्बमधून २५० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, नाहीतर खर्जाचा चिखल होतो. सगळ्यात जास्त बिघडतं ते घाईने. रिव्हर्ब ८ सेकंदांचा असताना चौथ्या सेकंदाला स्वरसंगती बदलली तर जुनी नवीवर सांडते आणि बेसूर लागतं. बदलताना निदान एक स्वर दोन्हींत सामाईक ठेवा.

ऐकताना अडचण वेगळीच. आवाज कमी केला की कान आधी खर्ज गमावतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. म्हणून रात्री चेलो नाहीसे होतात आणि व्हायोलिन पातळ, किरकिरी लागतात. १०० हर्ट्झच्या आसपास ४-५ डेसिबल वाढवा, पण स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आणि कानाजवळ घ्या, म्हणजे एकूण आवाज आणखी उतरवता येतो. मागच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून, चार बोटं अंतर सोडून टांगली तर वरचे स्वर भिंतीवरून आपटून येत नाहीत. खर्ज ती अडवत नाही. तो लाकडी जमिनीतून खालच्या घरात पोचतो. खालच्यांची तक्रार आलीच, तर वाढवलेला खर्ज काढा आणि हेडफोन लावा.