दहा गिगाहर्ट्झचं टेबल

आमच्या हौशी रेडिओ मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात इतिवृत्त वाचलं जातं, जमाखर्च मंजूर होतो, नवी कार्यकारिणी निवडली जाते (बहुधा ती जुनीच असते) आणि स्मृतिचिन्हं वाटली जातात. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. लिहायचं ते दुपारच्या सत्राबद्दल, मागच्या भिंतीला लागून मांडलेल्या दहा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे मायक्रोवेव्ह रेडिओच्या, टेबलाबद्दल. जेवणावरून उठून थेट चपलांकडे वळणाऱ्या सभासदांनी हे आवर्जून वाचावं.

त्या टेबलाशी सर बोलतात. स्लाइड नाही, फळा नाही, हातात मुठीएवढा धातूचा ठोकळा. सुरुवात ठरलेली: "ह्यात दोन डायोड आहेत. एक बोलतो, एक ऐकतो. आणि बोलणारा गप्प बसला तर ऐकणाराही बहिरा होतो." दर वर्षी तेच वाक्य, आणि दर वर्षी ते ऐकून बरं वाटतं, कारण सगळी विद्या त्यातच आहे.

बोलणारा तो गन डायोड. गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्याला ठरावीक मर्यादेपलीकडे व्होल्टेज दिलं की तो आपणहून मायक्रोवेव्ह दोलनं करू लागतो, हे जे. बी. गन यांनी १९६३ मध्ये जगापुढे मांडलं. डायोड ज्या पोकळीत बसवलेला असतो तिच्या मापावर फ्रीक्वेन्सी ठरते. त्यातून निघालेले दहाएक मिलिवॉट हॉर्नमधून (कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनातून) बाहेर जातात आणि त्यातलाच थोडा अंश शेजारच्या मिक्सर डायोडवर, म्हणजे ऐकणाऱ्यावर, पडतो. समोरच्या स्टेशनचा सिग्नलही तिथेच येतो आणि दोन्हींतला फरक बाहेर पडतो. एक स्टेशन १०.२५० वर आणि दुसरं १०.३५० गिगाहर्ट्झवर ठेवलं तर दोन्हीकडे फरक १०० मेगाहर्ट्झचाच. तो ऐकायला साधा एफएम रेडिओ पुरतो. दोघांचेही ट्रान्समीटर अखंड चालू असतात, म्हणून बटण दाबून "ओव्हर" म्हणावं लागत नाही.

मग प्रात्यक्षिक. हॉलच्या दोन टोकांना दोन लायसन्सधारक, दोघांच्या हातात हॉर्न. रेडिओतली खरखर एकदम मिटते आणि आवाज येतो. सर एक हॉर्न नव्वद अंशांनी आडवा करतात, आवाज जातो. सरळ केला की परत येतो. दोन्ही वेव्हगाइडची (लाटा वाहून नेणाऱ्या धातूच्या आयताकृती नळीची) रुंद बाजू एकाच दिशेला हवी, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. पुढे पत्र्याचा तुकडा तिरका धरून सिग्नल कोपऱ्याआडच्या खोलीत वळवून दाखवतात. हे पाहताना लहान मुलांइतकेच आजोबाही पुढे सरकतात.

सगळ्यात लोभस भाग मात्र मोजपट्टीचा. मिक्सरचा डीसी करंट मल्टीमीटरवर बघत हॉर्नसमोर सपाट पत्रा हळूहळू मागे न्यायचा. परतलेल्या लाटेमुळे काटा वर-खाली होतो आणि दर अर्ध्या तरंगलांबीला तोच चढ पुन्हा येतो. दहा चढ १४६ मिलिमीटरमध्ये बसले तर आपण १०.२५ च्या आसपास आहोत. १४२ च्या थोडं पुढे बसले तर ठोकळा अजून १०.५२५ वर, म्हणजे ज्या दारं उघडणाऱ्या सेन्सरमधून तो काढला त्याच्या मूळ फ्रीक्वेन्सीवर आणि हौशी बँडच्या बाहेर आहे. पत्रा फार जवळ नेला तर ऑसिलेटरच ओढला जातो, म्हणून हातभर अंतरापासून सुरुवात करायची. मिलिमीटरभर चुकलं तर सत्तर मेगाहर्ट्झ चुकतात, तेव्हा ही फक्त पहिली खूण. हवेवर जाण्यापूर्वी फ्रीक्वेन्सी मोजणारा वेव्हमीटर किंवा काउंटर हवाच. फ्रीक्वेन्सी खाली आणायला पोकळीतला स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आत घ्यायचा. लॉकनट आवळताना ती पुन्हा सरकते, त्यामुळे नट आवळल्यावरचं मापच खरं धरायचं.

बंद पडलेले ठोकळे घेऊन येणाऱ्यांची रांगही दर वर्षी लागते, आणि कारणं तीच ती. सप्लाय उलटा जोडला की गन डायोड तिथल्या तिथे जातो. लेबलवर असेल तेच व्होल्टेज द्यायचं, बहुधा आठ ते दहा, तेही रेग्युलेटरमधून. बारा व्होल्टच्या बॅटरीवर एलएम३१७ लावून दहा व्होल्ट काढणारे तासाभराने फ्रीक्वेन्सी घसरली म्हणून येतात. बॅटरी थोडी उतरली की रेग्युलेटरला वर जागाच उरत नाही. सुरू होताना डायोड नेहमीपेक्षा जास्त करंट खेचतो, त्यामुळे सप्लायची करंट मर्यादा अगदी काठावर ठेवली तर तो अर्ध्यातच अडकतो. डायोडच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड आणि दहा ओहम सिरीजमध्ये लावले नाहीत तर सप्लायच्या वायरीतच भलती दोलनं सुरू होतात आणि सिग्नल पसरट, घोगरा येतो. मिक्सर डायोड तर त्याहून नाजूक. ओहममीटर लावून तो "ठीक आहे का" बघणाऱ्यांनी बरेच डायोड मारलेत. सोल्डर करताना त्याची टोकं एकमेकांना जोडून शॉर्ट ठेवायची आणि सोल्डरिंग आयर्न अर्थ केलेला हवा.

एएफसीवरून, म्हणजे फ्रीक्वेन्सी आपोआप जुळवून धरणाऱ्या व्यवस्थेवरून, वाद ठरलेला. दोन्हीकडे एएफसी चालू ठेवली की दोन स्टेशनं एकमेकांचा पाठलाग करत बँडभर फिरतात. ती एकाच बाजूला लावायची. वरच्या आणि खालच्या फ्रीक्वेन्सीच्या स्टेशनला तिची पोलॅरिटी उलटी लागते, म्हणून पेटीवर एक स्विच हवा. व्हॅरॅक्टरला (व्होल्टेजप्रमाणे फ्रीक्वेन्सी किंचित हलवणाऱ्या भागाला) माइकचे काही मिलिव्होल्टच पुरतात. आवाज फाटतो तो बहुतेक वेळा हौसेने जास्त दिल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जायचं असतं आणि तिथे उपस्थिती निम्म्यावर येते. हॉलमध्ये टाळ्या देणारे पहाटे कुठे जातात कोण जाणे! सतरा डीबी (डेसिबल) गेनच्या दोन हॉर्नवर दहा किलोमीटरला आवाज स्वच्छ येतो, पन्नासला खरखरीच्या काठावर. हॉर्नच्या जागी साठ सेंटिमीटरची डिश लावली की प्रत्येक बाजूला सोळाएक डीबी वाढतात, पण झोत साडेतीन अंशांचा होतो. मग होकायंत्र आणि ट्रायपॉड नसेल तर तासन्‌तास शोधत बसावं लागतं. मधे झाडं आली तर डिश मोठी असूनही उपयोग नाही. पेटी वीसेक मिनिटं आधी चालू करून सावलीत ठेवावी. ऊन-सावलीच्या खेळात फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्झच्या मापाने वाहते. चालू वेव्हगाइडमध्ये डोळा लावून बघायचं नाही, हे तिथे पुन्हा सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं.

आता आभार, कारण सभेतले आभार घाईत उरकले जातात. लेथवर फ्लॅंज करून देणारे काका. टिनपत्र्याचे हॉर्न कापून सोल्डर करणाऱ्या दोघी बहिणी. वेव्हमीटर सांभाळून आणणारे आणि कुणाच्या हाती न देणारे आजोबा, ज्यांचं ते न देणं योग्यच आहे. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करणारा दादा. लायसन्स तपासून नोंदवहीत कॉलसाइन (स्टेशनची ओळखखूण) लिहून घेणाऱ्या ताई. खुर्च्या मांडणारी आणि मुख्य म्हणजे परत रचणारी मुलं. टेकडीवर ट्रायपॉड वाहून नेणारे नवे सभासद. एक्स्टेन्शन बोर्ड आणणारे काकाही आहेतच, त्यांचं नाव अहवालात दोनदा राहिलं. आणि आंधळेपणाने हॉर्न फिरवणाऱ्याला समोरच्या टेकडीवरून वॉकीटॉकीवर "डावीकडे, अजून डावीकडे, आता थांब" असं न चिडता सांगत राहणाऱ्या मावशी. त्या नसत्या तर निम्मे संपर्क झालेच नसते, हे लॉगबुकात कुठेच दिसत नाही, म्हणून इथे नोंदवलं.