झोनबदलावरील माझी हरकत : विरोधाऐवजी अटी

आमच्या वस्तीलगतच्या भूखंडांवर परवडणारी घरे उभी राहावीत म्हणून इमारतींची उंची चार मजल्यांवरून बारा मजल्यांपर्यंत आणि त्यासोबत चटई क्षेत्र निर्देशांकही (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) वाढवण्याचा झोनबदलाचा, म्हणजे त्या भागातील बांधकामाचे नियम बदलण्याचा, प्रस्ताव नियोजन प्राधिकरणाने हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा रहिवाशांच्या बैठकीत सरसकट विरोधाचे निवेदन तयार झाले. मी त्यावर सही केली नाही. ज्यांच्या कष्टांवर आमचे दैनंदिन जीवन चालते त्या सफाई कामगारांना, परिचारिकांना आणि सुरक्षारक्षकांना कामाच्या जवळ घर मिळालेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मात्र ऊन, पाणी आणि सांडपाणी यांविषयी शेजाऱ्यांना वाटणारी काळजीही रास्त होती, म्हणून मी स्वतंत्र हरकत दाखल करायचे ठरवले.

जाहीर सूचनेत फारसे काही नव्हते. खरी माहिती सोबतच्या नकाशांत आणि परिशिष्टांत होती, आणि ती कार्यालयात बसून पाहता येत होती. ती वाचताना एक गोष्ट स्पष्ट झाली, ती अशी की उंची आणि निर्देशांक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निर्देशांक 2 असेल आणि भूखंडाचा अर्धा भाग व्यापला, तर चार मजले होतात; पाव भागच व्यापला, तर आठ होतात, पण एकूण बांधकाम तेवढेच राहते. उंचीमुळे सावली, वारा आणि अग्निसुरक्षेचे प्रश्न येतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण वाहिन्या आणि रस्ते यांवरील भार मात्र घरांची संख्या वाढल्याने वाढतो. बैठकीत या दोहोंची सरमिसळ झाली होती, आणि अशा निवेदनाला उत्तर देणे अधिकाऱ्यांना फार सोपे जाते.

सावलीचे गणित मी स्वतः केले. उत्तर गोलार्धात 22 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य वर्षातला सर्वांत खाली असतो : 20 अक्षांशावर क्षितिजापासून सुमारे 46.5 अंश, तर 40 अक्षांशावर अवघा 26.5 अंश. त्यामुळे बारा मजल्यांच्या, म्हणजे सुमारे 36 मीटर उंच इमारतीची मध्यान्हीची सावली पहिल्या ठिकाणी सुमारे 34 मीटर, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे 72 मीटर पडते. सकाळी आणि संध्याकाळी ती याहून कितीतरी लांब असते. आमच्या अक्षांशानुसार ही सावली मी ट्रेसिंग पेपरवर काढून नकाशावर ठेवली. शेजारच्या आजींनी चष्मा सावरत आपल्या खिडकीच्या जागी बोट ठेवले आणि विचारले, “इथे दुपारी तरी ऊन येईल ना?” जुन्या घरांच्या बाजूला इमारत पायरीपायरीने कमी उंचीची ठेवावी, ही माझ्या हरकतीतील पहिली मागणी त्या प्रश्नातूनच आली.

सुनावणीत प्रत्येकाला मोजकाच वेळ होता. “आपण प्रस्तावाच्या बाजूने आहात की विरोधात?” असे अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा मी “अटींसह बाजूने” असे उत्तर दिले आणि परवडण्याचा मुद्दा आधी मांडला. झोनबदल मंजूर होताच जमिनीची किंमत वाढते. घरांचा ठरावीक हिस्सा, त्यांच्या किमतीची किंवा भाड्याची मर्यादा आणि पुनर्विक्रीवरील बंधन मंजुरीच्या आदेशातच नसेल, तर त्या वाढीचा लाभ जमीनमालक आणि विकासक यांच्याकडेच राहण्याची शक्यता अधिक. प्रस्तावाच्या शीर्षकात ‘परवडणारी’ असे लिहिले होते, पण अटींच्या मसुद्यात त्याला आधार देणारे एकही कलम नव्हते, आणि सर्व हरकतींत मला हीच सर्वांत गंभीर वाटते.

मर्यादा शिथिल करण्याला माझा विरोध का नाही, हेही मी सांगितले. न्यूझीलंडमधील ऑकलंडने 2016 मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर अधिक दाट बांधकामाला मुभा दिली आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथील घरबांधणी ठळकपणे वाढली. घरांचा तुटवडा कायम ठेवून ती स्वस्त होतील, अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र अल्प उत्पन्न गटासाठी केवळ वाढीव बांधकाम पुरेल, असेही मला वाटत नाही.

अंतिम आदेशात जुन्या घरांलगतची उंची कमी करण्यात आली आणि परवडणाऱ्या घरांचा हिस्सा बंधनकारक झाला. मलनिस्सारण वाहिनीची क्षमता वाढवल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देऊ नये, ही मागणीही मान्य झाली. रस्त्यांवरील वाढत्या भाराबाबतची माझी मागणी मात्र कारण न देता फेटाळली गेली, आणि त्याचे लेखी कारण मिळावे म्हणून मी अर्ज केला आहे. घरे कोणाला मिळणार, याचे निकष अद्याप ठरायचे आहेत. त्यांचा मसुदाही हरकतींसाठी खुला करावा, अशी मागणी आता शेजाऱ्यांच्या सह्यांसह सादर केली आहे, आणि या वेळी त्या निवेदनावर माझीही सही आहे.