खंभातचा अकीक: घेण्याआधी उजेडात धरा

मुंबईहून रात्रीच्या गाडीने आणंद, तिथून खंभात पन्नासेक किलोमीटर. खंभातला जाणाऱ्या रेल्वेच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून आम्ही एसटी धरली. अकीकाची, म्हणजे मणी-लोलक घडवतात त्या अगेट नावाच्या शोभेच्या दगडाची, दुकानं लगेच दिसतात, पण आधी दगड घडताना बघा. आम्ही चहाच्या टपरीवर विचारलं, तर तिथलाच एक जण गल्लीतल्या कारखान्यात घेऊन गेला.

जमिनीत तिरकी रोवलेली लोखंडी सळई. कारागीर दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि शिंगाच्या हातोडीने हलका टोला देतो. टोला पडतो वर, टवका उडतो खाली, सळईच्या टोकाशी. मला करून बघायला दिलं. दोन टोल्यांत दगडाचे तीन तुकडे! कच्चा माल भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडचा, पण जन्म दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत, म्हणजे नात्याने आपल्या सह्याद्रीकडचाच. लालसर मणी हवे असतील तर दगड मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. त्यातलं लोह तापून रंग चढतो.

घासाईच्या चाकाजवळ मात्र रेंगाळू नका, मास्क लावा. त्या धुळीने इथल्या कारागिरांची फुप्फुसं कायमची निकामी झाली आहेत. घासाघीस करताना हे आठवलं की जीभ आपोआप आवरते.

आता खरेदी. पट्टेदार दगडावरच्या कोरीव कामात एकच बघायचं: कोरणाऱ्याने पट्टा वापरलाय की नुसता कापलाय? मी घेतलेल्या लोलकात पान पांढऱ्या थरात उठवलंय आणि मागचा तपकिरी थर जमीन म्हणून ठेवलाय. शेजारच्याच लोलकात पट्टा गणपतीच्या सोंडेवरून आडवा गेला होता, किंमत तीच.

भडक गुलाबी, निळा, हिरवा अकीक बहुतेक रंगवलेलाच असतो. दगड उजेडात धरा: सच्छिद्र थर रंग पितात, घट्ट थर कोरे राहतात. काळ्याकुट्ट सुलेमानीलाही (ऑनिक्स, अकीकाचाच भाऊबंद) पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून आम्लाने काळं केलेलं असतं. रंगवलेला घेण्यात गैर काही नाही, फक्त भाव नैसर्गिकाचा देऊ नका. मी पहिल्याच दुकानात तो दिला, आणि ते निळं लोलक खिडकीत राहून आता फिकटलंय.

वेळ उरला तर १३२५ची जामा मशीद बघा, हलवासन ही इथली मिठाई बांधून घ्या. मणी घडवण्याचा हडप्पाकालीन कारखाना बघायला लोथलला जाणार असाल तर शुक्रवार टाळा, संग्रहालय बंद असतं.